अंगकाठी बारीक, तरी शुगर का? : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

‘पर्सनलाइज्ड मेडिसिन’, म्हणजे सरसकट सगळ्यांना एकच तपासणी आणि एकच गोळी न देता समोरचा माणूस पाहून ठरवलेली तपासणी आणि औषध, या विषयावर प्रश्न मागवले होते. निम्म्याहून जास्त पत्रांत डीएनए टेस्टबद्दल विचारणा आहे. उत्तरांत मात्र मोजायची टेप, रक्ताची नळी आणि घरातल्या आजारांची वही यांना जास्त जागा मिळाली आहे. ते मुद्दाम. औषध सुरू करणं, बंद करणं हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावं.

प्रश्न : वय ३८, उंची १६५ सेंमी, वजन ६२ किलो. बसून काम, व्यायाम नाही. वडिलांना पन्नाशीत मधुमेह झाला, आईला नाही. माझी उपाशीपोटीची साखर ९६, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ५.९. डॉक्टर म्हणाले, बॉर्डरवर आहात. मी तर जाड नाही, मग हे कसं? शिवाय एका लॅबचा माणूस डीएनए पॅकेज घ्या म्हणून मागे लागलाय. घेऊ का? – वाचक, सांगली

पॅकेज नको. आधी टेप आणा.

तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २२.८ येतो. भारतीयांसाठी २३ ही रेषा धरली तरी तुम्ही तिच्या आतच आहात. पण बीएमआय फक्त वजन आणि उंची बघतो. त्या वजनात स्नायू किती आणि चरबी किती, हे त्याला कळत नाही. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांच्या मुलांचा जो अभ्यास चालवला, त्यात हेच जन्मापासून दिसलं. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा पाऊण किलोहून कमी. पण ती तूट बाळाच्या स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत जास्त होती, कातडीखालच्या चरबीत कमी. म्हणजे हातपाय काटकुळे आणि पोटाला चरबी, ही आपल्याकडची ठेवण पाळण्यातच सुरू होते.

आता कंबर मोजा. पॅन्टचा नंबर सांगू नका. पॅन्ट पोटाखाली घसरते आणि नंबर वर्षानुवर्षं ३४च राहतो. उघड्या अंगावर, सगळ्यांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्ये टेप धरायची. टेप जमिनीला समांतर हवी, कातडीत रुतता कामा नये. साधा श्वास सोडल्यावर आकडा वाचायचा. पोट आत ओढायचं नाही. पुरुषांना ९० सेंमी आणि बायकांना ८० सेंमी ही मर्यादा.

तुमची कंबर ९२ भरली असं धरू. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने भारतीयांसाठी एक गुणपत्रक तयार केलं आहे. त्यात वय ३५ ते ४९ ला २० गुण, पुरुषाची कंबर ९० ते ९९ असेल तर १०, बैठं काम आणि व्यायाम नाही याला ३०, आईवडिलांपैकी एकाला मधुमेह याला १०. तुमचे झाले ७०. साठच्या वर म्हणजे जोखीम जास्त. एक पैसा न घालता तुम्हाला हे कळलं. डीएनए पॅकेज यात फारशी भर घालत नाही. नेहमीच्या टाइप २ मधुमेहात शेकडो जनुकीय फरक प्रत्येकी चिमूटभर हातभार लावतात, आणि त्यांची बेरीज करण्याची गणितं बहुतांशी युरोपियन लोकांच्या माहितीवर बेतलेली आहेत. ‘जिनोम इंडिया’ प्रकल्पाची सुमारे दहा हजार भारतीयांची माहिती संशोधकांना खुली झाली ती जानेवारी २०२५ मध्ये. त्यावरून भरवशाची गणितं तयार व्हायला अजून अवकाश आहे.

तुमच्या हातात काय आहे ते बघा. बॉर्डरवरच्या ५३१ भारतीयांवर झालेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत, ज्यांना नेहमीचाच सल्ला मिळाला त्यांच्यातल्या शंभरातल्या ५५ जणांना मधुमेह झाला. ज्यांनी खाणं-चालणं बदललं त्यांच्यात ३९ जणांना. गंमत अशी की दुसऱ्या गटाचं वजन फारसं उतरलं नव्हतं, तरी फायदा झाला. तुमच्यासारख्या बारीक माणसाने हे नीट लक्षात ठेवावं, कारण ‘साखर वाढली’ म्हटलं की लोक एकदम जेवण तोडतात. त्यात आधीच कमी असलेले स्नायू झडतात, आणि जेवणानंतरची साखर मुख्यतः स्नायूच उचलतात. त्यामुळे रोज अर्धा तास भरभर चालणं, शिवाय आठवड्यातून दोन-तीन दिवस बैठका, जोर किंवा वजनं. प्रथिनं दिवसाला ५० ते ६० ग्रॅम हवीत. वाटीभर घट्ट वरणात साधारण ६-७ ग्रॅम, एका अंड्यात ६, कपभर दुधात ६. हिशोब मांडलात तर कळेल की चहा-पोहे, भात-आमटी, रात्री पोळी-भाजी या जेवणात ती पुरेशी भरत नाहीत. पोह्यांची बशी अर्धी करा आणि वर वाटीभर मोडाची उसळ घ्या.

आणि साखर पिऊन करायची तपासणी एकदा करून घ्या. ती कशी, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : वय ४१, गृहिणी. शिबिरात एचबीए१सी ६.३ आला. उपाशीपोटी साखर मात्र ९१. हिमोग्लोबिन ८.९ आहे. शिबिरातल्या डॉक्टरांनी मधुमेहाची गोळी लिहून दिली. घ्यावी का? – वाचक, लातूर

तुमच्या पत्रातला महत्त्वाचा आकडा ८.९ हा आहे.

एचबीए१सी म्हणजे लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. पण यात एक गृहीत धरलेलं आहे, की पेशी नेहमीच्या वेगाने तयार होतायत आणि मरतायत. लोह कमी पडलं की नव्या पेशी कमी निघतात, रक्तात म्हाताऱ्या पेशींचं प्रमाण वाढतं, आणि म्हातारी पेशी जास्त दिवस साखरेत भिजलेली असते. त्यामुळे साखर ठीक असूनही आकडा फुगतो. ५.७ ते ६.४ या पट्ट्यात एवढ्या फरकानेही निदान इकडचं तिकडे होतं. उलट बाजूही आहे. नुकताच रक्तस्राव झाला असेल, रक्त चढवलं असेल, गरोदरपण असेल किंवा जी६पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असेल, तर आकडा खोटा कमी येतो. गडचिरोली, नंदुरबारसारख्या सिकलसेलच्या पट्ट्यांत आणि थॅलेसेमिया मायनर जास्त आढळणाऱ्या सिंधी, लोहाणा कुटुंबांत हिमोग्लोबिनच वेगळं असू शकतं, म्हणून एचबीए१सी एकट्यावर विसंबूच नये. तपासणी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या एचपीएलसी मशीनवर झाली असेल तर लॅबकडून आलेखाचा कागद मागून घ्या. त्यात नेहमीपेक्षा वेगळा उंचवटा असेल तर तो कागद डॉक्टरांना दाखवा. रिपोर्टवरच्या एका आकड्यात तो दिसत नाही.

तुम्ही तूर्त दोन गोष्टी करा. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून लोहाचे उपचार घ्या, पाळीत रक्तस्राव जास्त असेल तर त्याचंही कारण शोधा, आणि हिमोग्लोबिन सावरल्यावर तीन-चार महिन्यांनी एचबीए१सी परत करा. दरम्यान खरं काय ते कळण्यासाठी ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी, म्हणजे ओजीटीटी. ही तपासणी सोपी आहे आणि सगळ्यांत जास्त वेळा चुकीची होते, म्हणून सविस्तर सांगतो.

आधीचे तीन दिवस नेहमीचं जेवण जेवा. ‘उद्या टेस्ट आहे’ म्हणून भात-पोळी बंद करू नका. दिवसाला निदान १५० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात गेली नाहीत तर ओजीटीटीत साखर खोटी चढते. आदल्या रात्रीपासून ८ ते १० तास काही खायचं नाही, साधं पाणी चालेल. सकाळी आठ-नऊच्या सुमारास पहिलं रक्त. मग ७५ ग्रॅम ग्लुकोज २५० ते ३०० मिली पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत प्यायचं. इथे एक बारीक गोष्ट : ७५ ग्रॅम हा हिशोब पाणी नसलेल्या ग्लुकोजचा आहे. पुड्यात मोनोहायड्रेट ग्लुकोज असेल तर ८२.५ ग्रॅम घ्यावं लागतं. लॅबला विचारा. उन्हाळ्यात पितो ती चवीची पावडर यासाठी नको. मळमळ होऊ नये म्हणून लिंबाचे चार थेंब चालतात. उलटी झाली तर त्या दिवशीची तपासणी रद्द. घोट घ्यायला सुरुवात केल्यापासून दोन तास मोजायचे, पिऊन झाल्यापासून नाही. ते दोन तास बसून राहायचं. बाजारात चक्कर मारून आलात तर पायांचे स्नायू साखर उचलतात आणि रिपोर्ट छान येतो. चहा, तंबाखू, मशेरी काही नाही. ताप असताना किंवा स्टिरॉइड चालू असताना ही तपासणी करू नये.

रक्त राखाडी झाकणाच्या नळीत घेतलंय ना, हे बघा. त्यात फ्लोराइड असतं. साध्या नळीत ठेवलेल्या रक्तातल्या पेशी साखर खात राहतात, आणि खोलीच्या तापमानाला दर तासाला ५ ते ७ टक्के साखर कमी होते. फ्लोराइडचा परिणाम सुरू व्हायलाही तास-दोन तास लागतात, म्हणून रक्तातल्या पेशी लवकर वेगळ्या काढणारी लॅब बरी. गावात नमुना घेऊन संध्याकाळच्या गाडीने जिल्ह्याला पाठवणारी सोय साखरेसाठी बरी नाही.

दोन तासांनी १४० च्या आत असेल तर ठीक, १४० ते १९९ म्हणजे बॉर्डर, २०० च्या वर मधुमेह. घरचं जेवण जेवून दोन तासांनी करतात ती ‘पीपी’ वेगळी. ती औषध लागू पडतंय का ते बघायला ठीक, निदानाला नाही. गोळी घ्यायची का, ते ओजीटीटी झाल्यावर ठरवा.

प्रश्न : पुतणीला १९व्या वर्षी शुगर निघाली. अंगाने बारीक. टाइप १ सांगून इन्सुलिन चालू केलं, दोन वर्षं झाली. माझ्या वहिनींना २४व्या वर्षी, त्यांच्या आईला तिशीत मधुमेह झाला होता. एका लेखात ‘मोडी’ मधुमेहाबद्दल वाचलं, इन्सुलिन सुटतं म्हणे. खरं का? – वाचक, नाशिक

या पानावरच्या प्रश्नांपैकी जनुकीय चाचणी सगळ्यांत जास्त उपयोगाची असेल ती इथेच. तरीही पहिली पायरी ती नव्हे.

मोडी म्हणजे एकाच जनुकातल्या बिघाडाने होणारा मधुमेह. आई किंवा वडील, ज्यांच्याकडे तो बिघाड आहे, त्यांच्या प्रत्येक मुलाला तो जाण्याची शक्यता निम्मी. म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या दिसतो आणि साधारण पंचविशीच्या आत उघड होतो. तुमच्या पुतणीच्या घरात तीन पिढ्या आहेत, शंका रास्त आहे. पण आपल्याकडे टाइप २ सुद्धा तरुणपणी आणि घराघरांत होतो, त्यामुळे घराण्याच्या इतिहासावरून ‘मोडीच’ असं म्हणता येत नाही. पुण्यात तरुणपणी मधुमेह झालेल्या रुग्णांच्या अभ्यासात सगळ्यांत मोठा गट निघाला तो इन्सुलिन कमी तयार होणाऱ्या साध्या टाइप २ चा.

क्रम असा. पहिलं, अँटिबॉडी, म्हणजे इन्सुलिन बनवणाऱ्या आपल्याच पेशींविरुद्ध शरीराने तयार केलेली द्रव्यं : जीएडी, आयए-२ आणि झेडएनटी८. यांतली एकही ठळक पॉझिटिव्ह आली तर टाइप १, तिथेच थांबा. दुसरं, सी-पेप्टाइड. शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं का, याचं हे मोजमाप. बाहेरून टोचलेलं इन्सुलिन यात मोजलं जात नाही. जेवणानंतर घ्यावा आणि त्याच वेळी साखरही मोजावी, कारण साखर फार कमी असताना घेतला तर सी-पेप्टाइडही कमीच येणार. टाइप १ मध्ये सुरुवातीची दोन-तीन वर्षं थोडं इन्सुलिन शिल्लक असतं, म्हणून आत्ताचा आकडा चांगला आला तरी हुरळून जाऊ नका. अँटिबॉडी नाहीत, सी-पेप्टाइड चांगला आहे, तर मग तिसरी पायरी : मोडीच्या जनुकांची चाचणी, आणि ती पुतणीच्या रक्तावर.

रिपोर्टमध्ये तीन प्रकारची भाषा येते. ‘पॅथोजेनिक’ किंवा ‘लाइकली पॅथोजेनिक’ म्हणजे दोष सापडला. ‘व्हीयूएस’ म्हणजे फरक सापडला, पण तो आजार करतो की नाही हे आज सांगता येत नाही. व्हीयूएसच्या जोरावर इन्सुलिनला हात लावायचा नाही. तो फरक आई आणि आजीतही आहे का, घरातल्या मधुमेह नसलेल्यांत नाही ना, हे तपासलं तर अर्थ थोडा उलगडतो.

दोष एचएनएफ१ए या जनुकात निघाला तर ग्लिक्लाझाइडसारख्या जुन्या, स्वस्त गोळीने उत्तम काम होतं आणि बऱ्याच जणांचं इन्सुलिन सुटतं. डोस मात्र नेहमीच्या पाव भागापासून सुरू करावा लागतो; हे रुग्ण त्या गोळीला फार संवेदनशील असतात, साखर धाडकन उतरते. जीसीके जनुकात निघाला तर उपाशीपोटी साखर १०० ते १४५ आणि एचबीए१सी साधारण ५.६ ते ७.६ यांच्यात आयुष्यभर स्थिर राहतं, त्रास होत नाही, आणि गरोदरपण सोडलं तर औषधच लागत नाही. एकदा दोष सापडला की भावंडांना संपूर्ण पॅनेलची गरज नाही, तेवढी एकच जागा तपासायची. ते बरंच स्वस्त पडतं.

हे सगळं होईपर्यंत इन्सुलिनचा एकही डोस चुकवायचा नाही. निदान टाइप १ च असेल आणि लेख वाचून इन्सुलिन बंद केलं, तर दोन-तीन दिवसांत कीटोअॅसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल साठणं, होऊन जीव जाऊ शकतो.

प्रश्न : वय ४४, सिगारेट नाही. वडील ४७व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले. माझं कोलेस्टेरॉल १८५ आणि टीएमटी निगेटिव्ह. ‘निर्धास्त राहा’ म्हणाले. राहू? – वाचक, ठाणे

नाही. टीएमटी म्हणजे पट्ट्यावर पळवून काढलेला ईसीजी. रक्तवाहिनी इतकी अरुंद झाली असेल की पळताना हृदयाला रक्त कमी पडतं, तरच त्यात फरक दिसतो. अटॅक बऱ्याचदा रक्तवाहिनीच्या भिंतीतला त्याहून लहान, चरबीचा साठा फुटून, वर गुठळी होऊन येतो. एकूण कोलेस्टेरॉल १८५ हाही अर्धवट आकडा. त्यात चांगलं-वाईट दोन्ही आलं.

वडिलांना पंचावन्नच्या आत अटॅक येणं ही ठळक जोखीम मानतात. आई-बहिणीच्या बाबतीत ही मर्यादा ६५ वर्षांची. तुमच्यासाठी एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), नॉन-एचडीएल (एकूणातून चांगलं वजा करून उरलेलं), जमल्यास अॅपो-बी (वाईट कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांची मोजणी), आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन(ए), हाही कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण. हा शेवटचा घटक जवळजवळ पूर्णपणे जनुकांवर ठरतो, म्हणून वारंवार करायचा नाही. ५० मिलिग्रॅम प्रति डेसीलिटर किंवा १२५ नॅनोमोल प्रति लिटरच्या वर म्हणजे जास्त, आणि सुमारे एक चतुर्थांश भारतीयांत तो जास्त असतो. दोन एककांत गुणाकार-भागाकार करत बसू नका, कणांचा आकार माणसागणिक वेगळा असल्याने तो जुळत नाही. खाण्यापिण्याने किंवा स्टॅटिनने, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या नेहमीच्या गोळीने, हा घटक उतरत नाही. मग मोजायचा कशाला? तर तो जास्त निघाला की एलडीएल आधीपासून आणि अधिक खाली आणायचं ठरतं, रक्तदाब आणि साखरेला सूट मिळत नाही.

तरीही स्टॅटिनच्या गोळीबद्दल तुमचं किंवा डॉक्टरांचं ठरत नसेल तर कॅल्शियम स्कोअरचा, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साठलेलं कॅल्शियम मोजणारा, सीटी. इंजेक्शन नाही, पाच-दहा मिनिटांचं काम, रेडिएशन साधारण १ मिलिसिव्हर्ट. स्कोअर १०० किंवा जास्त असेल तर स्टॅटिनचा निर्णय सोपा होतो. शून्य आला तर चांगलंच, पण चाळिशीत कॅल्शियम न धरलेला मऊ साठा त्यात दिसत नाही. वडिलांचा इतिहास पाहता तीन ते पाच वर्षांनी परत बघावा. गोळी सुरू करायची हे आधीच नक्की असेल तर सीटीचे पैसे वाचवा.

एलडीएल १९० च्या वर निघालं तर प्रकरण वेगळं. आधी थायरॉइड तपासा, कारण थायरॉइड मंद असला तरी एलडीएल चढतं. ते ठीक असेल तर फॅमिलियल हायपरकोलेस्टेरॉलेमिया, म्हणजे जन्मजात उच्च कोलेस्टेरॉलची शंका घ्यावी. साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला हा असतो. टाचेच्या वरचा जाड स्नायुबंध दोन बोटांत धरून बघा. तो गाठाळ, जाड लागला किंवा बोटांच्या पेरांवरच्या स्नायुबंधांत कडक गाठी असल्या तर डॉक्टरांना दाखवा. मुलांपैकी प्रत्येकाला तो असण्याची शक्यता निम्मी, म्हणून आठ-दहा वर्षांपासून त्यांचंही कोलेस्टेरॉल बघायचं. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत असलेल्या घरांत नवरा-बायको दोघांतही हा दोष असू शकतो. तसं असेल तर दर चार मुलांत एकाला दोन्ही बाजूंनी दोष येण्याची शक्यता असते, आणि अशा मुलांना शाळेच्या वयातही हृदयविकार गाठतो.

प्रश्न : घरातल्या आजारांची नोंद ठेवा म्हणतात. नेमकं काय लिहायचं? – वाचक, डोंबिवली

तीन पिढ्या, दोन्ही बाजू. काका-आत्या लिहिताना मामा-मावशी राहून जातात, आणि बायकांचे आजार तर कोणी नोंदवतच नाही. प्रत्येकापुढे आजाराचं नाव आणि तो सुरू झाला ते वय. आज वय किती आहे याचा उपयोग कमी. ‘हार्टने गेले’ एवढ्यावर थांबू नका. झोपेत गेले, पोहताना गेले की छातीत दुखून गेले, हे विचारा. चाळिशीच्या आत अचानक गेलेला माणूस असेल तर हृदयाच्या लयीचे किंवा स्नायूचे आनुवंशिक आजार डोक्यात यायला हवेत. कर्करोग असेल तर अवयव लिहा. ‘पोटाचा’ म्हणजे आतड्याचा, जठराचा की अंडाशयाचा, यावर पुढचा सल्ला फिरतो. भूल दिल्यावर शुद्धीवर यायला फार वेळ लागला असेल तर तेही लिहा. जुने डिस्चार्ज कार्ड सापडलं तर त्याचा फोटो लावा.

प्रश्न : बहिणीला ३९व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला. मी थुंकीची डीएनए किट मागवली, त्यात ‘बीआरसीए नॉर्मल’ आलं. आता काळजी मिटली ना? – वाचक, पुणे

मिटली नाही. बीआरसीए१ आणि बीआरसीए२ या जनुकांत दोष असेल तर स्तनाच्या कर्करोगाची जोखीम वाढते, पण अशा किट डीएनएच्या ठरावीक ठिकाणीच बघतात. एका प्रसिद्ध अमेरिकी किटमध्ये बरीच वर्षं बीआरसीएचे फक्त तीन दोष बघत असत, आणि ते तिन्ही अश्केनाझी ज्यू लोकांत आढळणारे. या दोन जनुकांत हजारो जागी दोष असू शकतो. उलटही होतं : किटची कच्ची माहिती दुसऱ्या संकेतस्थळावर टाकून सापडलेले दोष लॅबमध्ये पुन्हा तपासले, तेव्हा शंभरातले ४० खोटे निघाले, असं २०१८ च्या एका अभ्यासात दिसलं.

चाचणी आधी बहिणीची व्हावी, संपूर्ण जनुक वाचणारी, आणि आधी-नंतर जेनेटिक कौन्सेलरशी बोलून. तिच्यात दोष सापडला तर तुमची तेवढी जागा तपासायची. तिच्यात सापडला नाही तर तुमच्या ‘नॉर्मल’ला फारसा अर्थ उरत नाही, आणि बहिणीच्या वयामुळे तुमची तपासणी इतरांपेक्षा लवकर सुरू करावी लागेलच.

प्रश्न : मधुमेह नाही, पण दंडाला लावायचा साखरेचा सेन्सर लावून पाहिला. भात खाल्ला की १५५ दाखवतो. पहाटे ६२ दाखवला. घाबरलो. – वाचक, हिंजवडी

सेन्सर रक्तातली नाही, पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो. आकडा पाच ते पंधरा मिनिटं मागे असतो. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या. पहाटेचा ६२ हा बहुधा त्याच कुशीवर झोपल्यामुळे; दाबाखाली सेन्सर खोटा कमी दाखवतो. मधुमेह नसलेल्यांतही जेवणानंतर थोडा वेळ १४०च्या वर जाणं होतं. सेन्सरवरून मधुमेहाचं निदान करण्याचे निकष नाहीत. शंका असेल तर ओजीटीटी.

प्रश्न : गरोदरपणी शुगर होती, बाळंतपणानंतर डॉक्टर म्हणाले गेली. बाळ चार महिन्यांचं आहे. – वाचक, अबू धाबी

६ ते १२ आठवड्यांत ७५ ग्रॅमची ओजीटीटी व्हायला हवी होती. राहिली असेल तर आता करा. नॉर्मल आली तरी एक ते तीन वर्षांनी परत, कायम. पुढच्या वेळी दिवस राहण्याआधीसुद्धा.

प्रश्न : स्टेंट टाकून तीन आठवडे झाले, क्लोपिडोग्रेल चालू आहे. ‘ही गोळी भारतीयांना लागू पडत नाही, जीन टेस्ट करा’ असा मेसेज फिरतोय. – वाचक, म्हापसा

मेसेजमध्ये अर्धं खरं आहे. क्लोपिडोग्रेल, म्हणजे रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी, पोटात जाताना निष्क्रिय असते. यकृतातलं सीवायपी२सी१९ हे एन्झाइम तिला कामाचं रूप देतं. या एन्झाइमच्या जनुकाची निदान एक प्रत कमजोर असणारे दक्षिण आशियाई लोक निम्म्याहून जास्त आहेत. दोन्ही प्रती कमजोर असलेल्यांत गोळीचा परिणाम फारच कमी, आणि २०१० पासून अमेरिकेत या गोळीच्या माहितीपत्रकावर तसा ठळक इशारा आहे. एक प्रत कमजोर असलेल्यांत परिणाम कमी होतो, शून्य होत नाही.

म्हणून डॉक्टरांना विचारा : अटॅकनंतर स्टेंट टाकला की नुसत्या छातीदुखीसाठी? गुंतागुंतीचा स्टेंट आहे का? पर्याय आहेत, प्रासुग्रेल आणि टिकाग्रेलॉर. पण पहिली आधी पक्षाघात झालेल्यांना देत नाहीत आणि वजन ६० किलोच्या आत किंवा वय ७५च्या पुढे असेल तर जपून. दुसरी दिवसातून दोनदा घ्यावी लागते आणि काहींना धाप लागते. दोन्हींत रक्तस्रावाची जोखीम जास्त. चाचणी एकदाच करायची, निकाल आयुष्यभर तोच, म्हणून केली तर फाइलला लावून ठेवा. अॅसिडिटीसाठी ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल चालू असेल तर तेही याच एन्झाइमला अडवतं. बदलून पँटोप्राझोल घेता येईल का ते विचारा. याला जीन टेस्ट लागत नाही. आणि मेसेज वाचून गोळी थांबवू नका. पहिल्या महिन्यात खंड पडला तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते.

प्रश्न : आई ५८ वर्षांची, १२ वर्षांपासून मधुमेह. क्रिएटिनिन १.० म्हणजे नॉर्मल. तरी डॉक्टर लघवीची एसीआर तपासणी सांगतात. गरज आहे का? – वाचक, अकोला

आहे, आणि दरवर्षी. १.० हा आकडा फसवा असतो. ५८ वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.० असेल तर मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, साधारण ८७ येते. तेच क्रिएटिनिन तुमच्या आईच्या वयाच्या बाईचं असेल तर ६५. रिपोर्टवर दोघांपुढे ‘नॉर्मल’च छापलेलं असतं. लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन झिरपणं त्याही आधी सुरू होतं, आणि एसीआर तेच मोजते : लघवीतल्या क्रिएटिनिनच्या मानाने अल्ब्युमिन किती.

सकाळची पहिली लघवी, सुरुवातीची थोडी सोडून मधली धरायची. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत ठीक. जास्त आली तर लगेच ‘किडनी गेली’ म्हणू नका. लघवीचा संसर्ग, ताप, आदल्या दिवसाचे भारी कष्ट किंवा खूप चढलेली साखर यांनीही ती वाढते. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन वेळा वाढलेली निघाली तरच धरायची.

वाढलेली निघाली तर रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनच्या गटातली गोळी आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन यांचा विचार होतो. साखर आणि रक्तदाब ठीक असला तरीही. पहिली गोळी सुरू झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघायचं. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत चढलं तर गोळी बंद करायची नाही, ते अपेक्षित असतं; त्यापुढे गेलं तर डॉक्टरांना कळवा. दुसऱ्या गोळीबद्दल एक सूचना हमखास सांगायची राहते : उलट्या-जुलाब लागले, किंवा नवरात्रात कडक उपास धरले, की ती गोळी त्या दिवसांपुरती थांबवावी लागते, नाहीतर साखर फार न वाढताही कीटोअॅसिडोसिस होऊ शकतो. कधी थांबवायची आणि कधी पुन्हा धरायची, ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. आणि गुडघ्यांसाठी आई मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन परस्पर आणून घेत असतील, तर ते आजपासून बंद. दुखण्यावर पॅरासिटामोल चालेल.